मिलेनियल पिढी खरंच पुढे गेली का? ठाणे-नवी मुंबईतल्या एका घराचा हिशेब

"आमच्या वेळी एका पगारात घर चालायचं." "बाबा, तुमच्या वेळी घरंही स्वस्त होती." ठाणे-नवी मुंबईतल्या किती घरांत ही दोन वाक्यं रविवारच्या जेवणावर झडली असतील, त्याला गणती नाही. दोघंही खरंच बोलत असतात आणि वाद मिटत नाही, कारण एकाने मोजायला वीत घेतलेली असते आणि दुसऱ्याने गज. कुठली पिढी यशस्वी, कुणाचा समाजावर ठसा मोठा, या प्रश्नांना उत्तरं आहेत. पण ती आधी मापं जुळवून घेतल्यावर मिळतात. त्या मापांविषयी हा लेख आहे. त्यातली आकडेमोड घरच्या कागदांवर कुणालाही करता येईल.

आधी नाव. १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेले ते मिलेनियल, ही सीमा अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरची. त्याआधीचे १९६५ ते १९८० हे जेन एक्स, १९४६ ते १९६४ हे बूमर आणि नंतरचे १९९७ ते २०१२ हे जेन झी. 'मिलेनियल' हा शब्द विल्यम स्ट्रॉस आणि नील हाऊ या अमेरिकी लेखकद्वयीने १९९१ मध्ये रूढ केला. बूमर हे नाव तिकडे का पडलं, तर दुसरं महायुद्ध संपल्यावर जन्मदर एकदम उसळला म्हणून. आपल्याकडे त्या काळाची खूण आहे ती स्वातंत्र्य आणि फाळणी. तेव्हा या सीमा उसन्या आहेत, हे मनात ठेवूनच त्या वापरायच्या.

आपल्या भागाच्या खुणा वेगळ्या आहेत. जुलै १९९१ मध्ये आर्थिक उदारीकरण सुरू झालं. ९ मे १९९२ ला लोकल खाडी ओलांडून वाशीत पोहोचली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. २००४ मध्ये ठाण्याहून वाशी-नेरूळकडे जाणारी ट्रान्स हार्बर गाडी आली आणि ठाण्याच्या पोराला ऐरोली-महापेची नोकरी रोजच्या आवाक्यात आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. आता १९८१ साली जन्मलेल्या मुलीला या खुणांवरून चालवून बघा. वाशीला गाडी आली तेव्हा ती जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती, इंटरनेट आलं तेव्हा १४ ची, जिओ आलं तेव्हा ३५ ची. १९९६ ला जन्मलेला मुलगा पहिल्या तीन घटनांच्या वेळी जन्मलाच नव्हता आणि जिओ आलं तेव्हा २० वर्षांचा होता. कागदावर दोघंही मिलेनियल. एकीने एसटीडी बूथबाहेर रांग लावली, दुसऱ्याला बूथ आठवतही नसेल. म्हणून घरातल्या माणसांची तुलना करताना पिढीचं नाव बाजूला ठेवा आणि जन्मसाल लिहा. निम्मे गैरसमज तिथेच गळून पडतात.

वय, काळ आणि जन्मसाल

दोन पिढ्यांत जो फरक दिसतो, त्याच्या मागे तीन वेगळी कारणं असू शकतात आणि लोक सर्वांत जास्त चुकतात ते ती एकमेकांत मिसळून.

पहिलं कारण वय. दिवाळीच्या पहाटे ठाण्यात राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला नटूनथटून जी गर्दी होते, ती बघून दर वर्षी कुणीतरी म्हणतं, "ही आजची पिढी!" पण ती गर्दी दर वर्षी विशीतल्यांचीच असते. वीस वर्षांपूर्वी तिथे उभे असलेले आता चाळिशीत आहेत आणि त्या पहाटे घरी अभ्यंगस्नानाच्या गडबडीत असतात. माणसं बदलली, वय तेच राहिलं. याला पिढीचा गुण म्हणता येत नाही.

दुसरं कारण काळ. टाळेबंदी ७० वर्षांच्या आजींना लागली आणि सात वर्षांच्या नातवालाही. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदीही तशीच. अशा घटना सगळ्या वयांना एकदम हलवतात.

तिसरं कारण जन्मसाल, म्हणजे विशिष्ट वयात विशिष्ट गोष्ट वाट्याला येणं. पदवी मंदीच्या वर्षी हातात पडली तर पहिला पगार कमी मिळतो आणि तो फटका पुढे दहा-दहा वर्षं भरून येत नाही, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. २००७ मध्ये कॅम्पसमधून नोकरी मिळालेला आणि २००९ मध्ये तेच कॉलेज संपवून बाहेर पडलेला, दोघं एकाच बाकावरचे असले तरी त्यांची सुरुवात सारखी नसते. पिढीचा परिणाम म्हणायचा तो हा.

अडचण अशी की या तिघांचं गणित एकमेकांत अडकलेलं आहे: चालू वर्षातून जन्मसाल वजा केलं की वय. दोन आकडे ठरले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे नुसती आकडेवारी कितीही घोळवली तरी कुठलं कारण किती, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. बाहेरची माहिती आणावी लागते. उदाहरणार्थ, गडकरी रंगायतनात पांढऱ्या केसांचे प्रेक्षक जास्त दिसतात, म्हणून तरुणांनी नाटक सोडलं असं म्हणायचं का? आज साठीत असलेल्या दहा जणांना विचारा, "तुम्ही पस्तिशीत असताना वर्षाला किती नाटकं बघत होता?" तेव्हाही भरपूर बघत होते, असं उत्तर आलं तर सवय पिढीबरोबर चालली आहे आणि नाटकवाल्यांनी काळजी करायला हवी. मुलं मोठी झाल्यावर बघायला लागलो, असं आलं तर आजचे पस्तिशीतलेही यथावकाश तिथे येतील. एकच गर्दी आणि दोन उलट निष्कर्ष. दोघांतला खरा कोणता, ते या एका प्रश्नाने कळतं.

आज ६५ वर्षांचे वडील आणि आज ३५ वर्षांचा मुलगा यांची थेट तुलना कशासाठीच करू नये. वडिलांकडे तीस वर्षांची जास्तीची बचत असते, मुलाकडे जास्तीचं कर्ज. तुलना करायची ती वडील ३५ चे होते तेव्हाची आणि मुलगा ३५ चा असतानाची. टीव्हीवरच्या बहुतेक 'पिढ्यांच्या' चर्चा हा पहिला नियमच मोडतात.

पैशाचा हिशेब: कुठले कागद, कुठली आकडेमोड

टेबलावर हे कागद काढा: दोघांच्या पस्तिशीतली पगाराची पावती किंवा फॉर्म १६, घराचा करारनामा किंवा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), कर्जाचं मंजुरीपत्र, पीएफचं पासबुक. जुनी पावती नसेल तर बँकेच्या पासबुकात पगार जमा झाल्याची नोंद चालते. स्मरणावर विसंबू नका. जुना पगार आणि जुनी किंमत बरोबर आठवेलच असं नाही.

आता एक काल्पनिक घर घेऊ. वडील १९५५ चे, वाशीत सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) घरात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात कामाला. १९९०-९१ मध्ये वय ३५, हातात पगार ३,००० रुपये. मुलगा १९८९ चा, घोडबंदर रोडला घर बघतोय, ऐरोलीत आयटीत आहे. २०२४ मध्ये वय ३५, हातात ९०,००० रुपये. तीसपट? तसं नाही.

महागाई काढून टाकण्यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या. हा लेबर ब्यूरो दर महिन्याला जाहीर करतं. कारखान्यांतला महागाई भत्ता बहुतेक यावरच चालतो, त्यामुळे वडिलांना हा आकडा चांगलाच परिचयाचा असेल. १९८२ साल १०० धरलं तर १९९०-९१ ची सरासरी १९३ होती. डिसेंबर २०२४ चा आकडा १४३.७ आहे. इथे लोक फसतात: महागाई उतरली की काय! उतरली नाही, पाया बदलला. आता २०१६ साल १०० धरतात. जुन्या पायावर न्यायला आधी २.८८ ने गुणा (२०१६ वरून २००१ च्या पायावर), मग ४.६३ ने (२००१ वरून १९८२ च्या पायावर). १४३.७ × २.८८ × ४.६३ म्हणजे साधारण १,९१६. त्याला १९३ ने भागा, उत्तर ९.९. म्हणजे वडिलांचे ३,००० रुपये २०२४ अखेरचे जवळपास २९,८०० झाले. मुलाची खरी कमाई त्यांच्या तिप्पट आहे. तिप्पट म्हणजे काही थोडी नव्हे, पण तीसपट आणि तिप्पट यांत एका शून्याचा घोळ आहे.

काही जण यासाठी आयकर खात्याचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स वापरतात. तो या कामाचा नाही. महागाईतली सरासरी वाढ जेवढी असेल तिच्या ७५ टक्के धरूनच तो ठरतो, त्यामुळे जुना पगार आहे त्याहून लहान दिसतो आणि मुलगा फुकट मोठा होतो. आईच्या मनातली फुटपट्टी सोन्याची असते: १९९० मध्ये तोळा, म्हणजे १० ग्रॅम, सव्वातीन हजारांच्या आसपास आणि २०२४ संपताना पाऊण लाखाच्या पुढे. ती साधारण चोवीसपट होते. त्या मापाने मुलगा वडिलांच्या जेमतेम पुढे आहे. आई चुकत नाही. ती लग्नातल्या खरेदीचं माप लावते आणि निर्देशांक किराणा, भाडं, कपडे, बसभाडं यांचं. महिन्याच्या खर्चाची तुलना असेल तर निर्देशांकच घ्यावा.

मग तास. वडील आठ तास कारखान्यात, एक तास जाण्यायेण्यात, महिन्याला २६ दिवस: २३४ तास. मुलगा नऊ तास ऑफिसात, घोडबंदरच्या कोंडीसकट तीन तास रस्त्यावर, २२ दिवस: २६४ तास. घराबाहेरच्या तासाला वडिलांची कमाई २०२४ च्या हिशेबाने १२७ रुपये, मुलाची ३४१. तिपटीची २.७ पट झाली. फरक लहान वाटेल, पण "तुला आमच्यासाठी वेळच नसतो" हे वाक्य त्या फरकातून येतं.

घराचं माप मात्र रुपयांत लावूच नये, ते 'किती महिन्यांचा पगार' यात लावावं. समजा वडिलांना घर दीड लाखाला पडलं: ५० पगार. मुलाचं ९० लाखांचं: १०० पगार. दोन्हींचं क्षेत्रफळ एकाच पद्धतीने मोजलेलं धरा. जुन्या करारनाम्यात बिल्ट-अप (भिंतींसकट) असतं, रेरा या घरखरेदी कायद्यानंतरच्या करारनाम्यात कार्पेट (भिंतींच्या आतलं) असतं आणि बिल्डरच्या तोंडी आकडा तिसराच असतो. शिवाय सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, मूळ मुदत ६० वर्षांची. तेही एका ओळीत लिहून ठेवा.

कर्जाकडे जरा थांबून बघू, कारण या दोन पिढ्यांचं आयुष्य इथेच सर्वांत वेगळं पडलं. १४ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाला महिना १,३३२ रुपये हप्ता बसतो. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतला तर ८६८. दर उतरले म्हणून मोठं कर्ज पेलतंय असं वाटतं आणि तेवढ्या प्रमाणात घरांच्या किमतीही चढतात. मुलाने ७० लाख कर्ज घेतलं तर हप्ता साधारण ६०,७५० आणि वीस वर्षांत फेड एक कोटी ४६ लाखांच्या आसपास. ९०,००० पगारातला दोन तृतीयांश हप्ता बँक मान्य करत नाही. सगळे हप्ते मिळून पगाराच्या ४० ते ५० टक्क्यांत बसावेत, असाच त्यांचा सर्वसाधारण नियम. म्हणून दुसरं नाव लागतं. बायकोचा ६०,००० पगार धरला की दीड लाखात हा हप्ता ४०.५ टक्के होतो आणि फाइल पुढे सरकते. दोघांनी नोकरी करण्यामागे स्वातंत्र्य आहे, आवड आहे, शिक्षण आहे. पण या शहरांत कर्जाच्या अर्जावरही दोन सह्या लागतात, हे विसरून चालणार नाही.

उरलेले २० लाख स्वतःचे. त्यावर ठाण्यात मेट्रो अधिभारासह ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणीचे ३०,०००. हे कर्जात धरत नाहीत. एकूण २६ लाख ६० हजार रोख. ३५ व्या वर्षी एवढे कुठून येतात? वडिलांच्या पीएफमधून, वाशीचं घर विकून किंवा गहाण ठेवून, आईच्या बांगड्यांमधून. पैसा कुठून आला हे करारनाम्यावर लिहिलेलं नसतं, पण हिशेबात लिहा. बऱ्याच घरांत 'मुलाचं यश' या रकान्यातला चौथा हिस्सा वडिलांच्या रकान्यात जातो. आणि ज्यांच्या वडिलांकडे वाशीत घर नव्हतं, ते त्याच पगारात बदलापूर, टिटवाळा, तळोजा गाठतात. एकाच बॅचचे, एकाच पगाराचे दोन मित्र इथे वेगळे होतात.

निवृत्तीचा रकाना

हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि सगळा हिशेब तिथे चुकतो. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, केंद्रात १ जानेवारी २००४ पासून नाही. पुढे काही पर्याय आले, तरी मूळ रेषा ती. १९८१ चा सर्वांत थोरला मिलेनियलसुद्धा त्या नोव्हेंबरात फार तर २४ वर्षांचा होता. म्हणजे सरकारी नोकरीतली जवळजवळ सगळी मिलेनियल पिढी रेषेच्या पलीकडे पडली.

खासगीतल्यांची गोष्ट अशी: पीएफच्या पेन्शनचं सूत्र म्हणजे पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची कमाल मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये. हातात ९०,००० येत असले तरी ३५ वर्षांच्या सेवेला पेन्शन बसते ७,५०० रुपये. वडील आपल्या उदाहरणातल्यासारखे कारखान्यातले नसून सरकारी नोकरीतले असतील, त्यांना महिना ३०,००० पेन्शन असेल आणि मुलाला तेवढं उत्पन्न हवं असेल, तर वर्षाला सहा टक्के काढायचे म्हणून ६० लाख साठवावे लागतील. सरकारी पेन्शन महागाई भत्त्याबरोबर वाढते, हे धरलं तर त्याहून जास्त. हे ६० लाख वडिलांच्या संपत्तीत अदृश्य असतात. ते लिहिले की तिपटीची मिजास बरीच उतरते.

नोकऱ्या बदलण्यातही गळती आहे. कायम नोकरी पाच वर्षं पूर्ण होण्याआधी सोडली तर ग्रॅच्युइटी जाते. ४०,००० मूळ पगारावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ४०,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे १,१५,००० रुपये. दर तीन वर्षांनी उडी मारणाऱ्याने पगारवाढीतून ही रक्कम वजा करून बघावी. आणि प्रत्येक वेळी फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले तर सेवेची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जातात. किमान दहा वर्षं भरली नाहीत तर पेन्शनच नाही. पैसे काढण्याऐवजी खातं ट्रान्सफर करावं आणि जुन्या नोकरीत रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर बरोबर चढली आहे का, ते तिथला माणूस ओळखीचा आहे तोवर तपासून घ्यावं. सोडल्याची तारीख चढलेली नसणं हे ट्रान्सफर अडकण्याचं अगदी नेहमीचं कारण.

ठसा कुणाचा?

पैशाचं माप तरी आहे, सांस्कृतिक प्रभावाचं काय? तिथे तीन प्रश्न वेगळे विचारावे लागतात. घडवलं कुणी? उचलून कुणी धरलं? आणि सवय कुणाकडून कुणाकडे गेली?

'सैराट' घ्या. एप्रिल २०१६ मध्ये आला आणि तेव्हा २० ते ३५ वयाच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. तो मिलेनियल पिढीचा सिनेमा म्हणायचा का? दिग्दर्शक नागराज मंजुळे १९७७ चे. संगीतकार अतुल १९७४ चे, अजय १९७६ चे. आर्ची झालेली रिंकू राजगुरू २००१ ची. घडवणारे आधीच्या पिढीतले, चेहरा नंतरच्या पिढीतला आणि मधली पिढी तिकिटाच्या रांगेत. यूपीआयचंही तसंच. २०१६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्यामागचे निर्णय घेणारे बहुतेक वयाने बरेच मोठे होते. भाजीवाल्याला "स्कॅनर आहे का?" विचारण्याची सवय मात्र तेव्हाच्या विशी-तिशीतल्यांनी लावली. शोध लावणं आणि सवय लावणं ही दोन कामं आहेत आणि दुसरं काम हलकं नाही.

या पिढीचं मराठीसाठीचं सर्वांत मोठं काम असंच सवयीचं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी लिहायची तर त्यासाठीचा खास फॉन्ट लागायचा. त्यात युक्ती अशी होती की फाइलमध्ये साठवली जायची इंग्रजी अक्षरंच, फक्त त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवली जायची. तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिकेचा मजकूर उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसायचा. तो मजकूर शोधता यायचा नाही, मेलमध्ये चिकटवता यायचा नाही, वर्णक्रमे लावता यायचा नाही. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला: 'क' म्हणजे 'क'च, संगणक कुठलाही असो. देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये होती. तिच्या आधी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या लोकांनी भारतीय लिप्यांसाठी बराच पाया घातला होता. पण प्रमाण असणं वेगळं आणि लोकांनी ते वापरणं वेगळं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. त्याच्या मागेपुढे मराठी ब्लॉग आले, मंचांवर पाककृतींपासून गडवाटांपर्यंत लोक युनिकोडमध्ये लिहू लागले, सायबर कॅफेत सेटिंग बदलून घेऊ लागले. त्यांत सगळ्या वयांचे होते, तरी कॉलेजातली आणि पहिल्या नोकरीतली मुलंमुली मोठ्या संख्येने होती. आज आजी व्हॉट्सॲपवर मराठीत शुभेच्छा टाइप करते, त्याचा माग काढत मागे गेलं की तिथे पोहोचतो.

सवय कुणाकडून कुणाकडे, या प्रश्नावर ही पिढी खरोखर वेगळी ठरते. नोव्हेंबर महिना डोळ्यांसमोर आणा. पेन्शन चालू राहावी म्हणून वडिलांचा हयातीचा दाखला द्यायचा आहे. पूर्वी बँकेत जाऊन सही करावी लागे. आता जीवन प्रमाण मोबाइलवर होतं. मुलगी वडिलांना खिडकीच्या उजेडात बसवते, चष्मा काढायला लावते, "बाबा, आता डोळे मिचकवा" म्हणते. चेहरा जुळत नाही, कारण पाठीमागून ऊन येतंय. खुर्ची फिरवते. होतं. त्याच फोनवर पाच मिनिटांनी ती मुलाच्या शाळेच्या ॲपमधलं परिपत्रक उघडते, मग लाइट बिल. वरच्या पिढीला नवं शिकवणारी आणि खालच्या पिढीला त्याच नव्यापासून लांब ठेवण्यासाठी धडपडणारी अशी ही पिढी. कागदाची आणि पडद्याची, दोन्ही दुनिया तिला हातच्या माहीत आहेत. हे कौशल्य कुठल्याच पगाराच्या पावतीवर येत नाही, पण घराघरातलं किती काम यावर चाललंय ते ती मुलगी आठ दिवस गावी गेली की समजतं.

एक रकाना मात्र या पिढीला स्वतःलाच भरावा लागेल: आपण ज्या भाषेत वाढलो, त्यातलं मुलांकडे किती गेलं? वडिलांची शाळा, आपली शाळा, मुलाची शाळा, तिघांचं माध्यम लिहा. शेजारी घरातली मराठी पुस्तकं कोण वाचतं ते लिहा. खाली काय झिरपलं हेही ठशाचंच माप आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत खरं.

एकाच पिढीच्या आत

पिढ्यांमधल्या दरीपेक्षा पिढीच्या आतली दरी मोठी असते, हे नवी मुंबईत जितकं उघड दिसतं तितकं क्वचित कुठे दिसेल. सिडकोने १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं केलं. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पाच जणांचा जीव गेला. पुढे त्यातून साडेबारा टक्के योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड मूळ मालकाला परत. तिचा हिशेब असा: एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. साडेबारा टक्क्यांतले पावणेचार सामाजिक सोयींसाठी कापले जातात, हातात पडतात पावणेनऊ टक्के, म्हणजे ३५४ चौरस मीटर. चार भावंडं असली तर प्रत्येकी ८८. घणसोलीच्या गावठाणातला १९८८ चा मुलगा आणि समोरच्या सेक्टरमध्ये भाड्याने आलेला १९८८ चा मुलगा, दोघांच्या संपत्तीचं मूळच वेगळं आहे. एकाकडे जमीन होती आणि ती गेली, दुसऱ्याकडे कधी नव्हतीच. त्यांची सरासरी काढली तर ती दोघांतल्या कुणाचीच नसते. म्हणून सरासरीऐवजी मध्यक घ्यावा: सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे ओळीत उभं करा आणि मधल्याला विचारा.

मुलींचा हिशेब तर वेगळाच मांडावा. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर सप्टेंबर २००५ पासून हिंदू कुटुंबांच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलाइतका वाटा कायद्याने आला. पण कित्येक घरांत बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ती सही केलेली आणि न केलेली, दोघी त्याच पिढीच्या. बाळंतपणाची रजा १ एप्रिल २०१७ ला १२ वरून २६ आठवडे झाली. १९८२ ची स्त्री २०१० मध्ये बाळंत झाली तर तिला १२ आठवडे, १९९१ ची २०१९ मध्ये झाली तर २६. पहिल्या मुलावेळी नोकरी कुणाला सोडावी लागली आणि कुणाला नाही, याचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

शहराची आकडेवारी वापरताना आणखी एक खाच लक्षात ठेवा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाण्याची लोकसंख्या १२.६ लाखांवरून १८.४ लाखांवर गेली, नवी मुंबईची ७ लाखांवरून ११.२ लाखांवर. एवढी वाढ नुसत्या जन्मांनी होत नाही, बरेच लोक बाहेरून आले. आणि ज्यांना भाव परवडला नाही ते बाहेर गेले. त्यामुळे आजच्या ठाण्यातल्या पस्तिशीतल्यांची १९९० च्या ठाण्यातल्या पस्तिशीतल्यांशी तुलना म्हणजे वेगळ्याच माणसांची तुलना. गेलेल्यांना धरल्याशिवाय शहर श्रीमंत झालं की गरीब निघून गेले, हे कळत नाही. म्हणून एकाच घरातल्या दोन पिढ्या, मग त्या कुठेही राहोत, ही तुलना शहराच्या सरासरीपेक्षा भरवशाची. शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढचीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे, तोवर प्रभागवार आकडे २०११ चेच.

मग मिलेनियल पिढी पुढे गेली का? वरच्या घरात तरी उत्तर असं: महिन्याच्या कमाईत ठळकपणे पुढे, घराच्या बाबतीत एकट्याने मागे आणि दोघांनी मिळून बरोबरीच्या जवळ, आणि वडील सरकारी पेन्शनवाले असते तर म्हातारपणाच्या सोयीत स्पष्टपणे मागे. तुमच्या घराचं वेगळं येईल. पण हिशेब अजून बंद करता येत नाही, कारण १९९६ ला जन्मलेले मिलेनियल ३५ वर्षांचे होतील २०३१ मध्ये. जेन झीचे पहिले लोक त्या वयाला पोहोचतील २०३२ मध्ये. तेव्हा तुलना करता यावी म्हणून आजच एका पाकिटात पगाराची पावती, पीएफ पासबुकाची छापील प्रत, इंडेक्स टू, कर्जाचं मंजुरीपत्र, एका महिन्याच्या किराण्याचं बिल आणि रेल्वेचा पास ठेवा. नोकरी सोडल्यावर कंपनीचं पोर्टल बंद होतं आणि पावत्या त्याबरोबर जातात. तेव्हा राजीनामा देण्याच्या आधीच डाउनलोड करून घ्या. पाकिटावर तारीख घाला आणि स्वतःचं जन्मसालही.